लॅपटॉप बाद झाला की त्यातली सिस्टीम?



१४ ऑक्टोबर २०२५ ची संध्याकाळ. आमच्या नेरळच्या वस्तीतील विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना आटोपली होती. खीर वाटून झाली, मुले पांगली आणि आम्ही सतरंज्यांच्या घड्या घालीत होतो. तेवढ्यात एक मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या. या मावशी पहाटेची लोकल धरून बदलापूरला जातात आणि चार घरची धुणीभांडी करून दुपारी परततात. मुलगी कर्जतला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"दादा, पोरीचा लॅपटॉप आजच्या तारखेपासून बाद झाला म्हणतात. खरं हाय का?"

आम्ही विचारले, "कोणी सांगितले?"

"दुकानवाला म्हणतो. ह्याच्यावर आता काही चालणार नाय, नवा घ्या. अडतीस हजार सांगितलं त्यानं. बचत गटाचं कर्ज आत्ता कुठं फिटलंय. परत तेच करायचं का?"

हा लॅपटॉप मावशींनी २०२१ साली जुनाच घेतला होता. कोठल्या तरी कंपनीच्या कचेरीतून निघालेला माल. मुलीचे वर्ग मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर चालले होते, म्हणून बचत गटातून कर्ज काढले आणि पै पै करून फेडले. आता त्या प्रश्न विचारीत होत्या आणि त्याचे पुरते उत्तर त्या संध्याकाळी आमच्याजवळ नव्हते. पुढील दोन महिने आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले, स्वतः हात घालून पाहिले आणि एक चूकही केली. ते सारे आज आपल्यापुढे ठेवतो, कारण हा प्रश्न त्या एका मावशींचा नाही. जुना लॅपटॉप असलेल्या घराघरांतला आहे.

प्रथम, झाले काय ते समजून घेऊ. लॅपटॉप हे यंत्र. त्याच्याकडून काम करवून घेणारा जो मुख्य कारभारी आत बसलेला असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळफलकावर बोट पडले की अक्षर उमटवणे, फाईल जागेवर ठेवणे, प्रिंटरला निरोप देणे ही सारी त्याची कामे. आपल्याकडील बहुतेक लॅपटॉपमध्ये हा कारभारी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो. त्यातील विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि तिची नियमित देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली.

आपल्या धम्मदीक्षेच्या दिवशीच ही तारीख यावी हा निव्वळ योगायोग. आपण मुहूर्त मानीत नाही, तेव्हा त्यात अधिक काही शोधू नये.

देखभाल थांबली म्हणजे लॅपटॉप बंद पडला असे नव्हे. तो दुसऱ्या दिवशीही चालू होतो, आजही होतो. मग थांबले काय? समजा, घराच्या दाराला एक कुलूप आहे. चोर त्याची किल्ली बनवण्याच्या खटपटीत सदैव असतात. कुठे फट सापडली की कंपनी दर महिन्याला ती बुजवून देत असे. ते बुजवणे थांबले. कुलूप दाराला आहे, पण यापुढे त्यात जी फट सापडेल ती तशीच राहील.

ही भीती पोकळ आहे काय? नाही. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एक मोठी फट बुजवणारी दुरुस्ती कंपनीने दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांचे संगणक मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने कुलूपबंद केले. ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांनाही त्याचा फटका बसला. जूनमध्ये त्याच फटीचा आणि आणखी काही वाटांचा उपयोग करून नॉटपेट्या नावाचा दुसरा विषाणू पसरला. तो तर थेट आपल्या रायगड जिल्ह्यात पोहोचला. उरण तालुक्यातील जेएनपीटी बंदरात मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाचे एक टर्मिनल आहे. त्याचे कामकाज या विषाणूमुळे विस्कळीत झाले. कुठल्या कोण देशात सुटलेला विषाणू न्हावा-शेवाच्या धक्क्यावरचे कंटेनर अडवतो, तर आपल्या लॅपटॉपला सोडील असे समजू नये. बँकेचे काम, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारची प्रत हे सारे आपण त्यातच ठेवतो.

दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. 'लॅपटॉप बाद झाला' हे मात्र खरे नाही. यंत्र जसेच्या तसे आहे, वय झाले ते सिस्टीमचे.

मग विंडोज ११ का टाकू नये? तर ती प्रत्येक यंत्रावर बसत नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या या आवृत्तीला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ही आठवी पिढी आली २०१७ साली. मावशींच्या लॅपटॉपमध्ये सहाव्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर आहे. कंपनीच्या कचेऱ्यांतून निघून आपल्या घरी येणारा माल बहुधा असाच असतो. ज्याने स्वस्तात जुने घेतले, त्याच्यावरच आधी पाळी येते.

आता आपल्यासमोर चार वाटा आहेत. एकेक तपासू.

पहिली वाट म्हणजे नवा लॅपटॉप घेणे. ऐपत असेल आणि जुना खरोखरच मोडीत निघाला असेल, तर हरकत नाही. पण निव्वळ सिस्टीमसाठी चालते यंत्र टाकून कर्ज काढणे हा तोट्याचा व्यवहार आहे. दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही, विकणे हा त्याचा धंदा आहे. विचारपूर्वक घेणे हे आपले काम.

दुसरी वाट, विंडोज १० वरच थोडा वेळ काढणे. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची वाढीव योजना कंपनीने जाहीर केली. त्यासाठी लॅपटॉपमध्ये विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. आपल्या सेटिंगची नक्कल कंपनीच्या साठ्यात ठेवायला परवानगी दिली तर पैसे पडत नाहीत. नाही तर ३० डॉलर, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये. यात फायदा असा की शिकलेले काही बदलत नाही. तोटा असा की हा उपाय नव्हे, ही मुदतवाढ आहे. कर्जाचा हप्ता पुढे ढकलला म्हणून कर्ज फिटत नाही.

तिसरी वाट सर्वांत जास्त वापरात आहे आणि तिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. "तीनशे द्या, ॲक्टिव्हेट करून देतो," म्हणणारे जागोजागी आहेत. ही चोरीची प्रत. हे कुलूप तोडण्याचे जे साधन वापरतात, त्यातून विषाणू घरात घेण्याचा धोका असतो. पण आम्हाला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. दर रविवारी विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे आहे. मुलांकडून ते म्हणवून घ्यायचे आणि अभ्यासाच्या टेबलावर चोरीची प्रत चालवायची, हे आम्हाला पटत नाही. आम्ही स्वतः अनेक वर्षे असे करीत आलो, हेही कबूल करतो. पर्याय नव्हता असे तेव्हा वाटे. पण पर्याय होता.

तो पर्याय म्हणजे चौथी वाट. विंडोज काढून किंवा तिच्या शेजारी लिनक्स बसवणे.

लिनक्स हे नाव ऐकून बिचकू नये. आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, सर्वांना वापरता येईल, तपासता येईल, सुधारता येईल आणि वाटता येईल अशी सिस्टीम उभारण्याचे जाहीर केले. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी तिला लागणारा गाभा घेऊन पुढे आला. तेव्हापासून जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. उबुंटू, मिंट ही त्याचीच रूपे. आपल्या देशात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली बॉस नावाचे रूप काढले, त्यात भारतीय भाषांची सोय केली.

ही सिस्टीम घेण्यास पैसे पडत नाहीत आणि ती घेणे चोरी नव्हे, कारण ती दिलेलीच आहे. सार्वजनिक तळ्याचे पाणी सर्वांना खुले असावे म्हणून आपले वाडवडील २० मार्च १९२७ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्यावर गेले. ज्ञानाच्या तळ्याला कुंपण नसावे, ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

परंतु भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये. ताजव्याची दोन्ही पारडी पाहू.

जमेच्या बाजूला असे. लिनक्स मिंटला २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असली तर बरे. म्हणजे जुने यंत्र चालते. दुरुस्त्या नियमित आणि फुकट मिळतात. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला त्या २०२९ पर्यंत मिळणार आहेत. पत्रे, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस त्यात आयतेच असते. फायरफॉक्सने संकेतस्थळे उघडतात, त्यामुळे महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आपले सरकारवरचे दाखले, रेल्वेचे तिकीट ही कामे होतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड सरकारी संकेतस्थळांवर पीडीएफ रूपात आहेत, तेही उत्तम वाचता येतात. घरगुती संगणकावर सुटणाऱ्या विषाणूंचा मुख्य रोख विंडोजकडे असल्याने तो त्रासही कमी.

केरळचे उदाहरण घ्या. तेथे २००१ साली आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांनी विंडोज सोडून लिनक्स धरले. २०१७ पासून हे काम काईट नावाची सरकारी कंपनी पाहते. तेथील कष्टकऱ्यांची मुले लिनक्सवर संगणक शिकून बाहेर पडतात आणि त्यांचे कोठे अडलेले नाही.

आता खर्चाच्या बाजूला या. नेरळ स्टेशनात उभे राहिले की दोन प्रकारचे रूळ दिसतात. एकीकडे कर्जत-मुंबई लोकलचे रुंद रूळ आणि दुसरीकडे १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचे दोन फुटी रूळ. लोकल कितीही चांगली असली तरी ती माथेरानच्या रुळांवर चढत नाही. सॉफ्टवेअरचे तसेच आहे. विंडोजच्या रुळांसाठी केलेले लिनक्सवर सरळ चालत नाही. हिशेबाचे टॅली विंडोजसाठी आहे. जयंतीचे फ्लेक्स ज्या कोरलड्रॉमध्ये तयार होतात, ते लिनक्सवर मिळत नाही. सेवा केंद्रातील आधारचे अंगठ्याचे मशीन बहुतेक करून विंडोज किंवा अँड्रॉइडच मागते. काही प्रिंटर लावताच चालतात, काही अडून बसतात. एमएस वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडला की कधी रांग हलते, कधी ओळ घसरते. आणि बिघाड झाला तर आपल्या गल्लीतील दुरुस्तीवाल्याला लिनक्स ठाऊक असेलच असे नाही.

शिवाय सवय हीसुद्धा एक किंमत आहे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आपल्या कितीतरी मुलामुलींनी पहिल्यांदा माऊस हातात धरला, तो विंडोजवरच. नोकरीच्या ठिकाणीही बहुधा तीच असते. ज्याला सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची आहे, त्याने आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये जी सिस्टीम आणि जो कळफलक आहे, त्यावरच सराव करावा. परीक्षेच्या तोंडावर प्रयोग नकोत.

मोठ्या संस्थांनाही हे जड जाते. जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. यात राजकारण किती आणि कर्मचाऱ्यांची गैरसोय किती, यावर तेथे आजही वाद आहेत. आपण त्यातून एवढेच घ्यावे की सिस्टीम बदलणे म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे, माणसांना सोबत घ्यावे लागते.

आता आमची चूक सांगतो.

विहाराच्या अभ्यासिकेत तीन जुने लॅपटॉप आहेत. मावशींच्या प्रश्नानंतर आम्हाला मोठाच उत्साह आला. एका रविवारी आम्ही आणि दोन तरुण कार्यकर्ते बसलो आणि पहिल्या लॅपटॉपवर मिंट चढवले. स्थापनेच्या वेळी एक प्रश्न येतो, जुने सारे पुसून टाकायचे की शेजारी जागा करायची? आम्ही पुसण्याला होकार दिला. अर्ध्या तासात नवी सिस्टीम झळकली. टाळ्या वाजल्या.

मग आठवले की जयंती मंडळाचे २०१६ ते २०१९ चे हिशेब आणि वर्गणीदारांच्या याद्या त्याच लॅपटॉपमध्ये होत्या. काही फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, सर्व नव्हे. ज्या घेतल्या त्या उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. पाच-दहा रुपये देणाऱ्या माणसांची नावे त्या कडबोळ्यात अडकली होती. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत दुसऱ्यांच्या हिशेबाला लाल खूण करणारे. त्या दिवशी आमच्याच वहीला लाल खूण झाली.

पावतीपुस्तके कपाटात होती म्हणून अब्रू वाचली. पुसलेल्या दोन वर्षांच्या नोंदी दोन मुलींनी आणि आम्ही मिळून तीन रविवार बसून पुन्हा केल्या.

कडबोळ्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आत साठते ते इंग्रजी अक्षर. फॉन्ट फक्त त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. युनिकोड पद्धतीत मात्र 'क' हा आतूनही 'क' च असतो. तो विंडोजवर, लिनक्सवर, मोबाईलवर, कोठेही 'क' च दिसतो. आपल्या अनेक मंडळांची इतिवृत्ते, पतसंस्थांच्या याद्या आणि साप्ताहिकांचे जुने अंक अजून जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले आहेत. सिस्टीम बदलो वा न बदलो, ते युनिकोडमध्ये करून घेणे हे आजचे काम आहे. फॉन्ट असलेला विंडोज संगणक हाताशी आहे तोवर हे सोपे, नंतर अवघड. टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. भारतीय मानक म्हणून तो १९९१ पासून मान्य आहे आणि दोन्ही सिस्टीमवर मिळतो. एकदा हात बसला की कोणाच्या दारात जावे लागत नाही.

ठेच लागल्यावर आम्ही शहाणे झालो आणि आधी कागद-पेन्सिल घेतली. प्रत्येक लॅपटॉपवर कोण कोणते काम करतो ते लिहून काढले. मग उत्तर आपोआप मिळाले. अभ्यासिकेतील दोन लॅपटॉपवर मुले वाचतात, निबंध लिहितात, अर्ज भरतात. त्या दोहोंवर मिंट. तिसऱ्यावर मंडळाचे टॅली आणि फ्लेक्सची कामे. त्यावर विंडोजच ठेवली आणि वाढीव योजनेत नाव नोंदवले.

आता मावशींच्या मुलीचे. तिची यादी केली तेव्हा त्यात टॅलीचा सराव होता. बी.कॉम.च्या मुलीला टॅली आले पाहिजे, नोकरी त्यावर मिळते. टॅलीच्या शैक्षणिक प्रकारात पैसे न देता शिकता येते. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरे आणि ते नियमातही बसते. म्हणजे विंडोज पुसून चालणार नव्हते. बाकीची कामे मात्र इंटरनेटची. तेव्हा आम्ही दोन्ही ठेवल्या. लॅपटॉप सुरू करताना तो विचारतो, कोणाला हाक मारू? टॅलीसाठी विंडोज, इंटरनेटसाठी मिंट. वाढीव मुदत सरल्यावरही, इंटरनेट बंद ठेवून विंडोजमध्ये टॅलीचा सराव चालू ठेवण्यास अडचण नाही. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, ती उल्हासनगरात अडीच हजारांच्या आत मिळाली. आधी तीन-चार मिनिटे घेणारा लॅपटॉप आता पोळी उलटेपर्यंत सुरू होतो, असे मावशी सांगतात.

मुलगी सुरुवातीला नाराज होती. "काका, कॉलेजात सगळ्यांकडे विंडोज आहे. मला गरिबांची सिस्टीम वापरते म्हणून हसतील." हे वाक्य आम्हाला लागले. हसण्याची भीती आपल्या माणसांना किती पिढ्या पुरली आहे! आम्ही तिला सांगितले, जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची एक यादी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील झाडून सगळे संगणक लिनक्सवर चालतात. ती काही बोलली नाही. पण पुढच्या रविवारी अभ्यासिकेत सातवीच्या मुलांना मिंटवर मराठी कसे टंकावे ते तीच दाखवीत होती.

ज्यांना पाहायचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, आधी कामांची यादी करा. ज्या कामाला विंडोजशिवाय गत्यंतर नाही, त्यापुढे खूण करा. एकही खूण नसेल तर बदलायला भिऊ नका. बऱ्याच खुणा असतील तर थांबा.

दोन, सर्व फाईली, फोटो आणि प्रमाणपत्रे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडल्याशिवाय घेतली असे समजू नका. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवा.

तीन, न बसवता चालवून पाहा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सिस्टीमची फाईल घ्या. ती रुफस नावाच्या साधनाने ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचे जुने सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. मग लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा. आतील विंडोजला धक्का न लावता नवी सिस्टीम दिसते. थोडी संथ चालेल, पण वायफाय लागतो का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी चालते का, हे सर्व कळते. पटले नाही तर पेनड्राइव्ह काढा, आपली विंडोज जागेवर आहे.

चार, एकट्याने करू नका. विहारात, अभ्यासिकेत पाच-सहा जण मिळून करा. एकाला अडले तर दुसरा सोडवील. गल्लीतील दुरुस्तीवाल्याला ठाऊक नसेल तर आपल्यातील एखादा मुलगा, एखादी मुलगी शिकून ते काम करील. त्यातून चार पैसेही मिळतील.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते आपण जाणतो. परंपरा आहे म्हणून, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. दुकानदार सांगतो म्हणून नवा लॅपटॉप नको आणि आम्ही लिहितो म्हणून लिनक्सही नको. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे अभ्यासाची होती. त्या महान घटनेची बरोबरी लॅपटॉपशी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण सोडण्यापूर्वी आणि धरण्यापूर्वी तोलून पाहावे, ही सवय आपल्याला त्या वारशातून मिळाली आहे. ती लहान गोष्टीतही वापरावी.

मावशींनी बचत गटातून कर्ज घेतले नाही. त्या म्हणाल्या, "दादा, पोरीच्या पुढच्या वर्षाच्या फीला राहू दे ते."

जयभीम.